जातिवंत मांजराचं पिल्लू घेताना: आधी ब्रीडर पारखा, पिल्लू शेवटी

पिल्लू एकदा मांडीवर येऊन बसलं की विचारायचे प्रश्न आठवत नाहीत, हे गृहीत धरूनच हा लेख लिहिलाय. म्हणून इथे पिल्लाची पाळी बरीच उशिरा येते. तोवर तुमची जात ठरलेली असेल, त्या जातीत कोणते आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरतात ते वाचून झालेलं असेल, ब्रीडरशी बोलणं झालेलं असेल आणि आईबापांचे रिपोर्ट डोळ्यांखालून गेलेले असतील. पिल्लाच्या तब्येतीचा बराचसा भाग त्याच्या जन्माआधीच ठरतो. पिल्लू हातात घेऊन कितीही निरखलंत तरी तो दिसत नाही.

जातिवंतच हवं का, हेही एकदा स्वतःला विचारून घ्या. नुसती सोबत हवी असेल तर निवारा केंद्रातून आणलेलं साधं मांजरही तितकाच जीव लावतं. ठरावीक स्वभाव, ठरावीक अंगकाठी किंवा केस हवे असतील, तर पुढे वाचा.

पायरी 1: जातीबरोबर तिचे आजारही वाचा

मेन कून आणि रॅगडॉल या थोराड, शांत जातींमध्ये हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याचा आजार आढळतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी हे त्याचं लांबलचक नाव. मांजरवाले नुसतं एचसीएम म्हणतात. त्यामागचा एक जनुकीय दोष मेन कूनमध्ये 2005 साली आणि रॅगडॉलमध्ये 2007 साली सापडला, त्यामुळे डीएनए चाचणी करता येते. नवखे फसतात ते इथेच. तो दोष नसलेल्या मांजरालाही एचसीएम होऊ शकतो, कारण या आजाराची सगळी कारणं त्या एका जनुकात नाहीत. त्यामुळे डीएनए रिपोर्टच्या जोडीला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, लागतेच. तीही हृदयरोगाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याने केलेली, आणि मांजर पैदाशीत आहे तोवर साधारण दर वर्षी. आजार बहुधा वयात आल्यावर उमटतो, त्यामुळे ‘पिल्लाचा इको नॉर्मल आहे’ या वाक्याला फारसं वजन देऊ नका. इको आईबापांचा बघायचा. स्फिंक्स आणि ब्रिटिश शॉर्टहेअर घेणाऱ्यांनीही हीच चौकशी करावी.

पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार, पीकेडी, फार जुना आहे. एक्झॉटिक शॉर्टहेअर या जातीत आणि पर्शियन रक्त मिसळलेल्या इतर जातींमध्येही तो गेलाय. आईबापांपैकी एकाकडूनही दोष आला तरी आजार होतो. म्हणजे एक पालक बाधित असेल तर सरासरी निम्म्या पिल्लांना तो मिळतो. गाठी लहानपणापासून असतात, पण हळूहळू वाढतात आणि मांजर प्रौढ झाल्यावर मूत्रपिंडं थकायला लागतात. 2004 पासून याची डीएनए चाचणी उपलब्ध आहे आणि निकाल स्वच्छ हो-नाही असा येतो. त्यामुळे आजच्या घडीला पर्शियनच्या ब्रीडरकडे पीकेडीचा रिपोर्ट नसेल तर त्याला सबब नाही. पर्शियनचं दुसरं दुखणं उघड दिसतं: चेहरा जितका चपटा, तितकी नाकपुड्यांची, अश्रुनलिकेची आणि दातांची अडचण. नाक डोळ्यांच्या रेषेत गेलेलं, सतत डोळे गळणारं, झोपेत घोरणारं पिल्लू गोंडस दिसतं, पण त्याला प्रत्येक श्वासासाठी मेहनत पडत असते. नाक डोळ्यांच्या रेषेखाली आणि जरा पुढे आलेला पर्शियन मागा.

अॅबिसिनियन आणि सोमालीमध्ये हळूहळू दृष्टी जाण्याचा एक आजार आणि तांबड्या पेशी लवकर फुटण्याचा एक आजार आढळतो. हे दोन्ही आईबाप दोघांकडून दोष आला तरच होतात. एकाकडून आला तर मांजर फक्त ‘वाहक’ राहतं आणि आयुष्यभर ठणठणीत असतं. म्हणून रिपोर्टवर ‘वाहक’ वाचून लगेच पाठ फिरवू नका. वाहक मांजराची जोडी पूर्ण निर्दोष मांजराशी लावणारा ब्रीडर समजून-उमजून काम करतोय. दोन वाहकांची जोडी लावणारा एकतर अडाणी आहे किंवा बेफिकीर.

राहिली स्कॉटिश फोल्ड. ते दुमडलेले कान म्हणजे कूर्चेतला दोष, आणि कूर्चा फक्त कानात नसते. सांधे, शेपटी, पंजे सगळीकडे तोच दोष काम करत असतो. 2016 साली त्यामागचा जनुक सापडला. तो एकाच पालकाकडून आला तरी सांध्यांवर कमी-जास्त परिणाम होतोच. ब्रिटनच्या जीसीसीएफ या मांजर-नोंदणी संस्थेने या जातीची नोंदणी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबवली. माझं मत विचाराल तर घेऊ नका. ‘आमच्या लाइनमध्ये तसं काही नाही’ असं सांगणारा ब्रीडर भेटेल; कान दुमडलेले असतील तर दोष आहेच. शेपटी मुळापासून टोकापर्यंत हळुवार वाकवून बघा, ताठ लागली तर उत्तर मिळालं.

बाकी जातींसाठी थोडक्यात: बेंगॉलमध्ये दृष्टीचा आणि तांबड्या पेशींचा आजार, नॉर्वेजियन फॉरेस्टमध्ये ग्लायकोजेन (शरीरातली साखरेची साठवण) साचत जाण्याचा, बर्मीजमध्ये पोटॅशियम घसरण्याचा, मँक्समध्ये बिनशेपटीबरोबर येणारे कण्याचे त्रास. शुभ्र पांढरं आणि निळ्या डोळ्यांचं पिल्लू असेल तर ऐकू येतं का ते तपासलेलं हवं. आणि ‘टीकप पर्शियन’ नावाची जात नाही. ते कमी वाढीचं किंवा उपाशी ठेवलेलं पर्शियन असतं.

पायरी 2: ब्रीडर शोधा

सुरुवात नोंदणी संस्थांपासून करा. सीएफए 1906 पासून, जीसीसीएफ 1910 पासून, फिफे 1949 पासून आणि टिका 1979 पासून काम करताहेत. नोंदणीकृत ब्रीडरचं स्वतःचं कॅटरी-नाव, म्हणजे त्याच्या पैदास-घराचं नोंदलेलं नाव, असतं आणि ते संस्थेकडे पडताळून बघता येतं. जातीचे क्लब आणि मांजरांची प्रदर्शनं हा दुसरा रस्ता. प्रदर्शनात एकाच जातीची वीसेक मांजरं शेजारी शेजारी बघायला मिळतात आणि ब्रीडर एकमेकांबद्दल काय बोलतात तेही कानावर पडतं. ते ऐका, पण लगेच खरं धरू नका.

एक लक्षात असू द्या: नोंदणी संस्था वंश नोंदवते, तब्येत नाही. कॅटरी-नाव आहे म्हणजे माणूस जबाबदार, असं होत नाही. नाव नाही म्हणजे मात्र चौकशी तिथेच थांबवावी.

चांगल्या ब्रीडरकडे पिल्लू बहुधा तयार नसतं. प्रतीक्षायादी असते, काही महिने थांबावं लागतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग झालात तर वर्षभर, केव्हाही, चार-पाच जातींची पिल्लं ‘लगेच उपलब्ध’ असलेल्या ठिकाणी पोचाल. तिथे मांजरीला किती विणांमागे उसंत मिळते, याचा अंदाज करा. फिफेच्या नियमानुसार 24 महिन्यांत 3 पेक्षा जास्त विणी होऊ नयेत. ‘ही मांजरी आधी कधी व्यायली होती?’ एवढा एक प्रश्न विचारा. सरळ उत्तर आलं नाही तरी समजायचं ते समजतं.

फसवणुकीबद्दल दोन ओळी. फोटो सुरेख, भाव बाजारापेक्षा बराच खाली, मालक परगावी, पिल्लू पार्सलने येणार, आगाऊ रक्कम आजच भरा: हा साचा ठरलेला आहे. फोटोचा इमेज सर्च करा. व्हिडिओ कॉलवर पिल्लाशेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा. खरा ब्रीडर हसून धरेल.

पायरी 3: फोनवर बोला, आणि तुम्हाला काय विचारलं जातं ते ऐका

तुमचे प्रश्न असे: आईबापांच्या कोणत्या चाचण्या झाल्या, कधी? रिपोर्ट पाठवाल का? एफआयव्ही आणि फेलाइन ल्युकेमिया, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे दोन विषाणू, यांची तपासणी झाली आहे का? घरात एकूण मांजरं किती? पिल्लं कुठल्या खोलीत वाढतात? पिल्लू किती आठवड्यांचं झाल्यावर देता? याच मांजरीच्या आधीच्या विणीतली पिल्लं आता कशी आहेत?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. जबाबदार माणूस नावानिशी सांगतो: तो राखाडी बोका अमुक घरी आहे, एकीला दातांचा त्रास झाला, एक गेल्या वर्षी गेली. ज्याची सगळी पिल्लं ‘एकदम फर्स्ट क्लास’ असतात, त्याने बहुधा विकल्यानंतर कुणाला फोन केलेला नसतो.

ब्रिटिश शॉर्टहेअर किंवा डेव्हन रेक्स घेत असाल तर आईबापांचा रक्तगट माहीत आहे का, हेही विचारा. या जातींमध्ये ‘बी’ गट बऱ्यापैकी आढळतो, आणि बी गटाच्या आईचं पहिलं दूध ए गटाच्या पिल्लाला जिवावर बेतू शकतं. तुम्ही पिल्लू घ्याल तोवर हा धोका टळलेला असतो. पण उत्तरावरून ब्रीडरचा अभ्यास कळतो.

उलट तुमचीही तपासणी होईल. घरात लहान मुलं, कुत्रा आहे का? खिडक्यांना जाळी आहे का? दिवसभर घरी कोण? आधीचं मांजर कशाने गेलं? याचा राग मानू नका. एकही प्रश्न न विचारता ‘केव्हा न्यायला येताय?’ म्हणणाऱ्याला पिल्लू कुठे जातंय याची फिकीर नाही.

पायरी 4: कागद वाचा

वंशावळ म्हणजे तीन-चार किंवा पाच पिढ्यांची नावं. ती शोभेसाठी नसते. आईच्या आणि बापाच्या बाजूला तेच तेच नाव पुन्हा येतंय का ते बघा. पणजोबा दोन्हीकडून एकच असणं वेगळं आणि आजोबा दोन्हीकडून एकच असणं वेगळं. जवळच्या नात्यात जोड्या लागल्या असतील तर कारण विचारा. ब्रीडरला नात्याचा गुणांक, म्हणजे आईबाप एकमेकांच्या किती जवळच्या नात्यातले हे सांगणारा आकडा, काढलेला माहीत असेल तर उत्तमच.

डीएनए रिपोर्ट बघताना निकालाआधी ओळख तपासा. रिपोर्टवर मांजराचं नोंदणीचं नाव आणि मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) 15 अंकी नंबर असायला हवा, आणि तोच नंबर वंशावळीवर किंवा लसीकरण पुस्तिकेत. नमुना पशुवैद्याने घेतला की मालकाने घरीच गालातून काडी फिरवून पाठवला, हेही बऱ्याच रिपोर्टांवर लिहिलेलं असतं. पशुवैद्याने चिप तपासून घेतलेला नमुना जास्त भरवशाचा. इकोवर तारीख बघा. तीन वर्षांपूर्वीचा इको हा तीन वर्षांपूर्वीच्या हृदयाचा आहे. पीकेडीसाठी डीएनएऐवजी सोनोग्राफी दाखवत असतील तर ती मांजर 10 महिन्यांचं झाल्यानंतरची हवी. त्याआधी लहान गाठी निसटतात.

पशुवैद्याचा ‘पिल्लू निरोगी आहे’ असा दाखला वेगळा आणि आनुवंशिक चाचणी वेगळी. पहिला त्या दिवसापुरता असतो. बरेच जण तोच पुढे करून ‘सगळ्या टेस्ट झाल्यात’ म्हणतात.

लसींचं गणित थोडं समजून घ्या. पॅनल्यूकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंवरची लस प्रत्येक पिल्लाला हवीच. ती 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होते, दर 3-4 आठवड्यांनी पुढचा डोस, आणि शेवटचा 16 आठवड्यांचं वय झाल्यावर. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती टिकून असेपर्यंत ती लसीलाही अडवते, म्हणून इतके डोस. म्हणजे 13 आठवड्यांच्या पिल्लाचे दोन डोस झालेले असतील आणि पुढचा तुमच्याकडे होईल. पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख आणि पशुवैद्याची सही हवी. नुसत्या पेनाने लिहिलेल्या तारखा चालवून घेऊ नका. जंतनाशकाच्या नोंदीही तिथेच असतात.

पायरी 5: घरी जा, आणि आधी आईला भेटा

एका दिवसात दोन कॅटऱ्या करू नका. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू बुटांवर, कपड्यांवर बसून येतो, महिनोन्‌महिने तग धरतो आणि हाताला लावायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही. ब्रीडरने दारातच चपला काढायला आणि साबणाने हात धुवायला सांगितलं तर तो त्याचा चांगुलपणा समजा.

आत शिरल्या शिरल्या वास घ्या. मांजरांच्या घराला थोडा वास असतोच, पण डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ट्रे वेळेवर साफ होत नाहीत किंवा मांजरं जास्त झालीत. कोपऱ्यातला ट्रे बघा: पातळ शी दिसली तर कुणाची, हे विचारा. गर्दीच्या घरात मांजरांचा कोरोना विषाणू फिरत राहतो. बहुतेकांना तो काही करत नाही, पण थोड्या पिल्लांमध्ये त्याचं रूप बदलून एफआयपी हा जीवघेणा आजार होतो. यावर आता औषधं आली आहेत, तरी त्या वाटेला न गेलेलंच बरं.

पिल्लं माणसांच्या राबत्यात वाढलेली हवीत. दोन ते सात आठवडे या काळात पिल्लू ज्याला सरावतं, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. मिक्सरचा आवाज, दारावरची बेल, लहान मुलाचं धावणं हे सगळं त्या वयात कानावरून गेलेलं असलं तर तुमचं अर्धं काम झालं. मागच्या शेडमधल्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला हे मिळत नाही.

आई समोर हवीच. ‘ती आजारी आहे’, ‘ती दुसऱ्या घरी आहे’ ही उत्तरं ऐकली की निघा. व्यायलेली मांजरी थोडी रोड आणि केस विरळ झालेली असू शकते, त्यात काही वावगं नाही. ती मालकाकडे कशी जाते ते बघा. मालकाचा हात येताच दबून बसणारी मांजरी बोलत नाही, पण सांगते. बाप बहुधा दुसऱ्या कॅटरीतला असतो आणि दिसत नाही. पण पिल्लांचा धीटपणा बापाकडूनही येतो, तेव्हा त्याच्या स्वभावाबद्दल विचारा.

पायरी 6: आता पिल्लू

पहिली दहा मिनिटं उचलू नका. जमिनीवर बसा आणि बघा. दोरी हलवल्यावर कोण धावतं, कोण आधी लांबून अंदाज घेतं, कोण कोपऱ्यातून हलतच नाही. अंदाज घेऊन मग येणारं पिल्लू मला सगळ्यांत पसंत. पण हा आवडीचा भाग झाला. नुकतीच झोपेतून उठलेली पिल्लं सुस्त दिसतात, तेव्हा शंका असेल तर तासाभराने पुन्हा बघा किंवा पुन्हा या.

मग हातात घ्या आणि नाकापासून शेपटीपर्यंत जा. डोळे स्वच्छ हवेत, चिपडं नकोत आणि आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा वर आलेला नको. नाक कोरडं किंवा किंचित ओलसर, पण वाहणारं नको. एकजण शिंकत असेल तर सगळ्यांकडे संशयाने बघा. कानात काळपट, भुरभुरीत मळ म्हणजे कानातले माइट्स, बारीक किडे. बरं होतं, पण ब्रीडरच्या नजरेतून सुटलं कसं? हिरड्या गुलाबी हव्यात. फिकट असतील तर जंत, पिसवा किंवा रक्त कमी.

पाठीचे केस उलटे फिरवा. काळे कण दिसले तर ओल्या पांढऱ्या कापसावर टिपा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. कान, चेहरा आणि पंजांवर गोल, केस गेलेले, खवलेदार चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो. लांब केसांच्या जातींमध्ये तो वरून दिसत नाही आणि माणसांनाही होतो, म्हणून बोटांनी चाचपत जा. पोट मऊ हवं. हातपाय काटकुळे आणि पोट नगारा असेल तर जंत. बेंबीपाशी मऊ फुगवटा लागला तर हर्निया. लहान असेल तर फार घाबरायचं कारण नाही, निर्बीजीकरणाच्या वेळी दुरुस्त होतो, पण कागदावर लिहून घ्या. शेपटीखालची जागा कोरडी आणि स्वच्छ. बोका असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत का बघा, नाहीतर पुढची शस्त्रक्रिया मोठी होते.

वय खरं सांगितलंय का, हेही पडताळा. पिल्लांचे डोळे जन्मतः निळे असतात आणि सहा-सात आठवड्यांपासून रंग बदलायला लागतो. सयामी, रॅगडॉलसारख्या निळ्या डोळ्यांच्या जाती आणि पांढरी मांजरं सोडली, तर ‘तीन महिन्यांच्या’ पिल्लाचे डोळे पूर्ण निळे असायला नकोत. वजनाचा ढोबळ हिशेब महिन्याला साधारण अर्धा किलो, मोठ्या जातींत थोडं जास्त. चांगला ब्रीडर पिल्लांची वजनं वहीत लिहितो. ती वही मागा. एखादा आठवडा वजन अडकलं असेल तर ते तिथे दिसतं.

12-13 आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. आठव्या आठवड्यात ते खायला लागलेलं असतं, ट्रे वापरतं, आणि विकणाऱ्याला घाई असते. पण चावायचं किती आणि नखं कधी आत घ्यायची, हे आई आणि भावंडं त्यानंतरच्या महिन्यात शिकवतात.

पायरी 7: करार, आणि पहिले काही दिवस

करारात एवढं तरी असू द्या: पिल्लाचा चिप नंबर, निर्बीजीकरण कोणी आणि केव्हापर्यंत करायचं, आनुवंशिक आजार निघाला तर ब्रीडर काय करणार, आणि तुम्हाला सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू परत घेणार का. ‘कोणत्याही वयात परत घेऊ’ असं लिहून देणारा ब्रीडर सोन्याचा. काही जण पिल्लाचं निर्बीजीकरण करूनच देतात. अनुभवी पशुवैद्याने केलं असेल तर हरकत नाही. चिपची नोंद तुमच्या नावावर करून घ्यायला विसरू नका.

ब्रीडरकडचं खाणं आठ-दहा दिवस पुरेल इतकं सोबत आणा आणि बदल करायचाच तर हळूहळू मिसळत करा. सुरुवातीला एकच खोली द्या. घरात आधीचं मांजर असेल तर दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडी आणि ट्रेसुद्धा वेगळे. दोन-तीन दिवसांत, करारात तपासणीची मुदत दिली असेल तर ती संपायच्या आत, तुमच्या स्वतःच्या पशुवैद्याकडे न्या. हृदयात कुरकुर ऐकू आली तर लगेच धास्तावू नका. लहान पिल्लांमध्ये काही वेळा ती वाढीबरोबर जाते. पण ती नोंद लेखी घ्या, त्याच दिवशी ब्रीडरला पाठवा आणि पुन्हा तपासायची तारीख ठरवूनच दवाखान्यातून निघा.